हृदयावरच्या पांढऱ्या रेघा

सोमवार, ४ मार्च

पुढारी मेला. ताईचा पुढारी! आणि त्याला कापायची पाळी माझ्यावरच आली.

सकाळी प्रयोगशाळेच्या मागच्या फाटकाशी ट्रॉली उभी. ताडपत्रीखालून एक खूर बाहेर आलेला, वर पांढरा मोजा चढवल्यासारखा पट्टा. तेव्हाच ओळखलं. ताई ट्रॉलीला टेकून उभी होती. डोळे सुजलेले. आणि मला बघून पहिला प्रश्न काय — "बारके, काही खाल्लंस का?" थोरली ती थोरलीच. मेलेल्या घोड्याशेजारी उभी राहूनसुद्धा!

ताईच्या घोडेस्वारीच्या शाळेत सहा घोडे होते, आता पाच. हा कधी कोणाच्या मागे चालायचा नाही म्हणून पुढारी. काल रविवार, शाळेला सुट्टी. आज सकाळी बाहेर काढला तर घामाने निथळत होता. मागचे पाय लटपटले. लघवी काळपट. तासाभरात आडवा. ताईच्या घोड्यांच्या डॉक्टरांनी जागेवरच निदान केलं — सोमवारचा आजार. अगदी पुस्तकातला. सुट्टीच्या दिवशी घोडा नुसता उभा, खुराक मात्र पूर्ण. दुसऱ्या दिवशी कामाला लावला की अंगातले स्नायूच जळतात.

मी पोस्टमॉर्टेम केलं. मदतीला पैलवान. (शवघरातल्या या मदतनिसाला पैलवान हे नाव कोणी दिलं देव जाणे, फुंकर मारली तर उडेल.) मांडीचे स्नायू फिकट, शिजवल्यासारखे. हृदय जरा सैल वाटलं. जरासंच. तुकडे घेऊन ठेवले. सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचा तयार व्हायला आठवडा जाईल. डॉक्टरांशी फोनवर बोलले, आमचं एकमत झालं.

ताईला सांगितलं — कारखान्याचं गोळीखाद्य एकदम बंद. नुसतं गवत आणि भिजवलेला कोंडा. पूर्ण आराम. शनिवारी संध्याकाळी ती सगळ्यांना गरम पाण्यात कोंडा भिजवून घालतेच, आठवड्याचा शीण जातो म्हणून. म्हटलं, आता रोज घाल. पोटाला हलका.

गोळीखाद्याचा नमुना ठेवून घेतला. नुसती खात्री असावी म्हणून.

बुधवार, ६ मार्च

गोळीखाद्य स्वच्छ. बुरशीचं विष नाही, शिसं नाही, कीटकनाशक नाही. ताईला फोन केला. वाटलं, सुटकेचा श्वास टाकेल. तर रडायलाच लागली! "म्हणजे माझीच चूक ना गं? मीच उभा ठेवला त्याला."

समजूत घालायला मी कधीच शहाणी नव्हते. म्हटलं, रडून घोडा उठत नाही. फोन ठेवल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

शुक्रवार, ८ मार्च

भिंगरी आली होती. ताईची लेक, वय तेरा, एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ. एप्रिलच्या शेवटी स्पर्धा आहे. मखमलवर बसून ही अडथळे पार करणार. मखमल म्हणजे करड्या रंगाची, शांत, डोळ्यांत नेहमी झोप असलेली घोडी. "मावशी, मखमलला तू बरी करशील ना?"

"तिला काही झालेलं नाही," म्हटलं.

"मग ती जेवण का सोडतेय?"

म्हटलं, सोबती गेला की मनावर घेतात जनावरं. भिंगरीला पटलं. मला कुठेतरी नाही पटलं. ताईला फोन लावून विचारलं तर म्हणाली, सगळेच जरा मलूल आहेत, आजोबाला, त्या सगळ्यांत म्हाताऱ्या घोड्याला, तर दिवसातून तीनदा कोंडा भरवतेय. बिचाऱ्याला दात नाहीत, म्हाताऱ्याचा सगळा जीव त्या बादलीत. 

आराम द्या, कोंडा द्या. सगळं नियमाने चाललंय. मग मला चैन का नाही?

रविवार, १० मार्च

आजोबा गेला. सकाळी. उभ्या उभ्या कोसळला.

त्याला कोणी पळवला नव्हता. खुराक तर आठवडाभर बंदच होता. आणि सोमवारचा आजार रविवारी येत नाही!

सोमवार, ११ मार्च

हात धुतले तीनदा, वास जात नाही. वास असू दे, ते दृश्य जात नाही.

आजोबाचं हृदय उघडलं आणि पैलवान म्हणाला, "मॅडम, हे काय? चरबी आहे का?" चरबी नव्हती. लाल मांसावर पांढऱ्या रेघा. कोणी खडूने ओढाव्यात तशा, आडव्या, उभ्या, टोकापर्यंत. स्नायू मेलेला. जिथे रेघ तिथे हृदय आकसणंच बंद. छातीत पाणी साचलेलं.

दुपारी ताईची घोडी राणीही गेली. तीच रेघ.

हे मी एकदाच पाहिलंय, विद्यार्थिनी असताना, बरणीतल्या नमुन्यात. कोंबड्यांच्या आतड्यांत एक परजीवी होतो. तो होऊ नये म्हणून त्यांच्या खाद्यात एक औषध मिसळतात. कोंबड्या ते खाऊन गुबगुबीत होतात. घोड्याच्या पोटात त्यातलं चिमूटभर गेलं तरी हृदय करपतं. कोंबडीचं औषध, घोड्याचं विष! आमच्या नेहमीच्या चाचण्यांत ते येत नाही, मुद्दाम शोधावं लागतं. संध्याकाळी गोळीखाद्याचा राखलेला नमुना पुन्हा काढला आणि यंत्रावर चढवला.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "मॅडम, सख्ख्या बहिणीचं प्रकरण आहे. सहकाऱ्याकडे द्या." म्हटलं, देते. नाही दिलं.

मंगळवार, १२ मार्च

पुढारीच्या काचा आल्या. तेच. म्हणजे चार तारखेलाच ते तिथे होतं, माझ्या बोटांखाली. "जरा सैल" म्हणून मी पुढे गेले होते.

आणि गोळीखाद्य? पुन्हा स्वच्छ! त्या औषधाचा कणही नाही. दोनदा करून पाहिलं. आठवडाभर ते कोणी खाल्लेलंही नाही. मग कुठून जातंय? घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना — आजवर शंभरदा म्हटली असेल ही म्हण, आज तोंडातून निघाली आणि जीभ चावली.

गवत मागवलं. पाणी मागवलं. ताईचे तीन उरलेत. मखमल, वकील (प्रत्येक गोष्टीवर मान हलवून हरकत घेतो) आणि ठोंब्या. शाळेत येणाऱ्या पोरांना ताईने सुट्टी दिली आहे. भिंगरी मात्र रात्रंदिवस तिथेच. घोड्याशेजारी झोपते म्हणे! अर्धवट मेलेल्या घोड्याशेजारी. तो झोपेत कोसळला तर?

गुरुवार, १४ मार्च

आज दुपारी पागेवर गेले. स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. गवताचा भारा उचलून पाहिला. पाण्याची टाकी पाहिली. भिंतीचा रंग खरवडला. कडेचं कुंपण, झाडपाला, काही काही सोडलं नाही. ताई मागे मागे. "बारके, चहा घे आधी." नाही म्हटलं. पहिल्यांदाच.

मग ती बादली घेऊन बसली. गरम पाणी ओतलं, मीठ टाकलं, कोपरापर्यंत हात घालून कोंडा कालवायला लागली. आई आमच्यासाठी पीठ मळायची तशीच, एका लयीत. मखमलने तोंड फिरवलं. वकिलाने चार घास घेऊन सोडला. ताई म्हणाली, "हे तिघे नखरेल. आजोबा आणि राणी कसे बादली चाटून पुसून खायचे!"

जे चाटून पुसून खात होते ते मेले. ज्यांनी नाक मुरडलं ते उभे आहेत.

"हा कोंडा कुठला?"

"कारखान्याचाच की. गोळीखाद्य देतात ना ते. घोडे आजारी आहेत म्हटल्यावर आणखी दोन पोती पाठवली बिचाऱ्याने. पैसेसुद्धा घेतले नाहीत."

बादली लाथाडली मी. ताईच्या अंगावर उडाला सगळा. काखेत कळसा आणि गावाला वळसा! गवत तपासलं, पाणी तपासलं, भिंतीचा रंगसुद्धा खरवडला. कोंडा नाही तपासला. का? तर कोंडा म्हणजे पथ्य. आजाऱ्याला द्यायची गोष्ट. तिच्यावर कोण संशय घेणार?

शुक्रवार, १५ मार्च

कोंड्यात आहे. पुढारीच्या पोटात तो शनिवारीच गेला असणार. इतकं आहे की यंत्राची रेघ कागदाबाहेर गेली. पातळ करून पुन्हा करावं लागलं.

ताईला घरी जाऊन सांगितलं. फोनवर नाही. ती ऐकताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी भरवत होते."

"मी सांगितलं म्हणून."

"आजोबा नको म्हणायचा शेवटी. मी हाताने भरवला गं. लहान मुलासारखा."

दोघी रडलो. आई गेली तेव्हाही एकत्र रडलो नव्हतो, ती स्वयंपाकघरात आणि मी बाहेर. निघताना तिनेच डोळे पुसून मला डबा दिला. घरी येईपर्यंत तो मांडीवर धरून बसले.

सोमवार, १८ मार्च

खाद्य तपासणीचे अधिकारी आणि मी कारखान्यात. कारखानदार पन्नाशीचा, पांढरा सदरा, घाबरून पाण्याचा पेला पुन्हा पुन्हा पुढे करतोय. "मॅडम, कोंबड्यांचं खाद्य झालं की यंत्र पाण्याने धुता येत नाही. बुरशी धरते. मग कोंडा फिरवतो आतून. आत चिकटलेली सगळी भुकटी तो पुसून घेतो. मग घोड्यांचं खाद्य करायचं. म्हणून तर ते स्वच्छ निघतं!"

"आणि तो कोंडा?"

"तो बाजूला ठेवून पुढच्या कोंबडीखाद्यात घालायचा. तसा नियमच आहे. पण पुढची मागणी लांबली, पोती पडून राहिली. ताईंनी विचारलं कोंडा आहे का. म्हटलं, मुक्या जनावरांच्या तोंडी लागतोय, न्या..."

पुण्य करायला गेला माणूस! त्याच्यावर ओरडायचं ठरवून गेले होते, विचारलं एवढंच की पोती आणखी कुठे गेली. पोती आणखी चार ठिकाणी गेली होती. सशांचं एक पालनकेंद्र, दोन गाढवं पाळणारा एक कुंभार, एक अनाथ जनावरांचा आसरा, एक टांगेवाला. अधिकाऱ्यांनी तिथून लगेच गाड्या पाठवून सगळी उचलली. टांगेवाल्याने पोतं अजून उघडलंही नव्हतं!

साहेब म्हणाले, "मॅडम, याचसाठी प्रयोगशाळा असते. एक घोडा कापला म्हणून दहा वाचले." खरं आहे. पटलंही. पहिला कापला तेव्हाच डोळे उघडे ठेवले असते तर आणखी दोन वाचले असते, हे ते बोलले नाहीत. भले गृहस्थ.

शुक्रवार, २२ मार्च

तिघांचं रक्त आणलं. स्नायू फुटल्यावर रक्तात जे उतरतं ते तिघांच्याही रक्तात चढलेलं. मखमलच्या सर्वांत जास्त. म्हणजे त्यांनीही खाल्लं होतं, थोडं.

ताईला स्पष्ट सांगितलं. यांच्या हृदयावरही रेघा असणार. त्या पुसल्या जात नाहीत. दोरीचे काही पेड तुटलेत असं समज. रिकामी बादली उचलेल ती दोरी, वर्षभर उचलेल. भरली घागर लावली की पहिल्याच ओढीला जाईल. चालू देत, चरू देत. पाठीवर कोणी बसायचं नाही. कधीच.

"पण बरे दिसतात गं आता."

"दिसणारच."

सोमवार, १ एप्रिल

रक्त पुन्हा तपासलं. तिघांचंही नॉर्मल. अगदी नवजात शिंगराइतकं स्वच्छ! आनंद व्हायला हवा. नाही झाला. जखम ताजी असते तोवर रक्त बोलतं. व्रण झाला की गप्प.

रिपोर्टात खाली लिहिलं होतं — स्वारीसाठी वापरू नयेत. साहेबांनी तांबड्या पेनने खोडलं. "मॅडम, नमुना कशाचा आला? रक्ताचा. मग रक्तापुरतं लिहा. हृदय तुम्ही पाहिलंय का? जे टेबलावर आलं नाही त्याबद्दल प्रयोगशाळा बोलत नाही." हा आमचा जुनाच दंडक. मीच नव्या मुलांना शिकवते. वाद घातला थोडा. मग विचार केला, ताईला तोंडी सांगितलंच आहे की. घरचंच तर आहे. सही केली.

घोड्यांचे डॉक्टरही कानाला नळ्या लावून ऐकून आले. म्हणाले, ठोके छान आहेत. काहीही!

मंगळवार, ९ एप्रिल

भिंगरी माझ्याशी बोलत नाही. मखमलवर बसू देत नाही म्हणून. मी दुष्ट मावशी. काल दारात उभी राहून ओरडली, "तुझ्याच कागदावर नॉर्मल लिहिलंय! मग खोटं कोण बोलतंय, तू का कागद?"

म्हटलं, तू माझ्यावर रागावलेली चालेल, तू पडलेली चालणार नाही. दार आपटून गेली. आपट म्हटलं. हवं तेवढं आपट, पण पायांवर चालत जा.

ताई परवा म्हणाली, "उभा घोडा बघवत नाही गं. रोज सकाळी तिघेही फाटकाशी येऊन थांबतात. आता खोगीर घालतील म्हणून वाट बघतात." 

रविवार, १४ एप्रिल

पागा रिकामी! गेले तर ताई एकटीच झाडत होती. म्हणाली, "पाठवले. चांगलं घर मिळालं तिघांना. एकत्र राहतील."

"कुठे?"

"लांब. मोकळं रान आहे, झाडं आहेत, प्रेमाने करतील. तू नको आता विचारत बसू. मला रडू येतं." पोरींची लग्नं लावून दिल्यासारखी बोलत होती.

बरं झालं. आयुष्याचे उरलेले दिवस चरत राहतील. भिंगरीच्या समोर नसलेलेच बरे. घरी येऊन ह्यांना सांगितलं, सुटलो. दुपारी झोपले ती दिवेलागणीलाच उठले. दीड महिन्यात अशी झोप लागली नव्हती. खरं लिहायचं तर मनात एकच होतं — आमची पोर वाचली.

बुधवार, १७ एप्रिल

भिंगरी आली, चार लाडू खाल्ले, दोन बरोबर नेले. म्हणजे समेट. स्पर्धेला नाही जात. आता सायकलचं वेड घेतलंय!

शुक्रवार, २६ एप्रिल

सकाळी प्रयोगशाळेत एका बाईंचा फोन. आवाज हसरा. लहान मुलांना घोडेस्वारी शिकवतात. "तुम्ही मला ओळखत नाही मॅडम, पण मी तुम्हाला ओळखते. तुमची सही बघूनच घेतले ना आम्ही हे तीन घोडे! त्यांच्या आधीच्या बाई घ्या घ्या म्हणत होत्या, पण मी म्हटलं, रक्ताचा रिपोर्ट दाखवा. सगळं नॉर्मल. फार गुणी आहेत हो. फक्त त्या करड्या घोडीला आज घाम जरा जास्त येतोय, म्हणून विचारलं. रक्त पुन्हा पाठवू का?"

विचारलं, ती आत्ता कुठे आहे.

"आत्ता? रिंगणात. छोट्यांची तुकडी आहे ना. आज पहिल्यांदाच पळवतायत, मज्जा चाललीय."

उतरवा, म्हटलं. ओरडले. आत्ताच्या आत्ता उतरवा मुलांना! बाईंनी फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं धावत लांब गेली. दार उघडलं. मग मला मुलांचं हसणं स्पष्ट ऐकू येत होतं, आणि टापा.

मग हसणं थांबलं. फोन चालूच होता. बाई परत आल्या नाहीत.